रक्ताची साक्ष : पक्षाघात, शोथ आणि मेंदूची भरपाई

पंचावन्न-साठीतला एखादा गृहस्थ सकाळी दाढी करीत असतो. एकाएकी त्याच्या उजव्या हातातील वस्तरा गळून पडतो, तोंड एका बाजूस ओढले जाते आणि बोलू पाहिले तरी शब्द फुटत नाहीत. दिल्लीकडे लोक याला लकवा म्हणतात, महाराष्ट्रात अर्धांगवायू किंवा पक्षाघात. गाझियाबाद, फरीदाबाद, सोनीपत अशा आसपासच्या गावांहून असे रुग्ण रोज दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांत आणले जातात. १९५६ साली संसदेच्या कायद्यान्वये स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था ही त्यांपैकी एक होय.

पहिला दिवस धावपळीत जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्णाचा मुलगा किंवा भाऊ वैद्यांपुढे उभा राहून विचारतो : हे पुन्हा चालू लागतील काय? बोलू लागतील काय? बहुधा त्याच्या हातात रक्ततपासणीचा एक कागद असतो आणि त्यावरील एका आकड्यापुढे तो प्रमाणाबाहेर असल्याची खूण केलेली असते. ‘सीआरपी’ या तीन अक्षरांपुढील तो आकडा पाहून घरची माणसे घाबरतात. मेंदूला झालेल्या इजेची वार्ता हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तात कशी उमटते, तिच्यावरून रुग्णाचे भवितव्य कितपत सांगता येते आणि कोठे सांगता येत नाही, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

रक्तपुरवठा थांबल्यावर

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते. परंतु शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. इंधनाचा साठा मात्र त्याच्यापाशी जवळजवळ नसतो. त्यामुळे रक्ताचा प्रवाह अखंड राहणे ही मेंदूची पहिली गरज आहे. हा प्रवाह दोन प्रकारांनी बिघडतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकून पुढील भागास रक्त मिळेनासे झाले, तर त्यास रक्तरोधजन्य पक्षाघात म्हणतात. रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्त साचले, तर त्यास रक्तस्रावी पक्षाघात म्हणतात. मुंबईत २००५-०६ मध्ये पंचवीस वर्षांवरील लोकसंख्येची जी पाहणी करण्यात आली, तीत दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना प्रथमच पक्षाघात झाल्याचे आढळले. त्यांतील सुमारे ८० टक्के रुग्ण रक्तरोधजन्य प्रकारचे होते आणि शंभरातील जवळजवळ तीस रुग्ण अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावले. येथील विवेचन रक्तरोधजन्य प्रकारापुरतेच आहे.

गुठळी अडकल्यावर मध्यभागातील पेशी काही मिनिटांत मरतात. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असता दर मिनिटास सरासरी १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. मध्यभागाभोवती मात्र एक पट्टा असा असतो की, तेथील पेशींचे काम थांबलेले असते, पण त्या जिवंत असतात. आजूबाजूच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या थोड्याशा रक्तावर त्या तग धरून असतात. गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत देण्याचा किंवा नळी घालून गुठळी बाहेर काढण्याचा सारा खटाटोप या पट्ट्यासाठी असतो. मात्र तो वाचला किंवा गमावला, तरी कथा तेथे संपत नाही. त्यानंतर दुसरी एक घटना सुरू होते, आणि रक्ततपासणीत दिसते ती मुख्यतः तीच.

शोथाची प्रक्रिया

बोटात काटा मोडला की तो भाग लाल होतो, सुजतो, गरम होतो आणि ठणकतो. सेल्सस या रोमन ग्रंथकाराने ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकात नोंदविलेली ही चार लक्षणे आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस शिकविली जातात. या प्रक्रियेला शास्त्रीय परिभाषेत शोथ म्हणतात. बोलण्यात आपण तिला दाह किंवा सूज म्हणतो. शोथ हा स्वतः रोग नव्हे. इजा झालेल्या जागी रक्षक पेशी बोलाविणे, मृत भाग हलविणे आणि दुरुस्तीस जागा करून देणे, हे त्याचे काम होय.

मेंदूत जंतू शिरलेले नसतानाही पक्षाघातानंतर हीच प्रक्रिया सुरू होते. कारण मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारे पदार्थच धोक्याची सूचना देतात. मेंदूच्या स्वतःच्या रक्षक पेशी, ज्यांना मायक्रोग्लिया म्हणतात, त्या प्रथम जाग्या होतात आणि संदेशवाहक प्रथिने सोडतात. रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट बनते. काही तासांत रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे चिकटतात. एरवी रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो काटेकोर पडदा असतो तो सैल होतो, पाणी आत शिरते आणि मेंदू सुजतो. कवटी हाडाची असल्याने सुजेला पसरण्यास जागा नसते. मोठ्या पक्षाघातात दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास रुग्णाची प्रकृती एकाएकी बिघडते, तिचे हे एक प्रमुख कारण आहे.

संदेशवाहक प्रथिने रक्तात मिसळून दूरवर जातात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-६ हे विशेष महत्त्वाचे. जपानमधील ओसाका येथे हिरानो, किशिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली त्याची जनुकीय रचना उलगडली. हे प्रथिन यकृतापर्यंत पोहोचले की, यकृत आपल्या नेहमीच्या कामाचा क्रम बदलते आणि काही ठरावीक प्रथिने मोठ्या प्रमाणात तयार करू लागते. सीआरपी हे त्यांतील सर्वांत परिचित होय. म्हणजे इजा मेंदूत झालेली असली, तरी वाढलेला आकडा असतो तो यकृताने दिलेल्या प्रतिसादाचा. हे ध्यानी घेतल्यास पुढील पुष्कळसे गैरसमज टळतात.

रक्तातील खुणा

शोथ रक्तावरून ओळखण्याची कल्पना जुनी आहे. स्वीडनमधील फोरेयस यांनी १९१८ साली आणि वेस्टरग्रेन यांनी १९२१ साली, उभ्या नळीत ठेवलेल्या रक्तातील तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात याचे मापन शास्त्रशुद्ध केले. भारतातील लहानमोठ्या प्रयोगशाळांत ‘ईएसआर’ या नावाने ती तपासणी अजून चालते. ती स्वस्त आहे. परंतु संथही आहे, कारण तिचा आकडा चढण्यास आणि उतरण्यास अनेक दिवस लागतात.

सीआरपीचा शोध १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांनी लावला. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात असा एक पदार्थ असतो की, तो न्यूमोनियाच्या जंतूंच्या आवरणाखालील ‘सी’ नामक शर्करायुक्त घटकाशी संयोग पावून साका बनवितो, असे त्यांना दिसले. ‘सी-प्रतिक्रियाशील प्रथिन’ हे नाव त्यावरून पडले. या प्रथिनाचा एक गुण मापनाच्या दृष्टीने फार सोयीचा आहे. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे एकोणीस तास लागतात आणि हा काळ निरोगी व आजारी माणसांत सारखाच असतो. साहजिकच आकडा वाढला याचा अर्थ यकृताने उत्पादन वाढविले, एवढाच. इजेनंतर सुमारे सहा तासांनी तो चढू लागतो, दोन दिवसांच्या सुमारास शिखर गाठतो आणि नवीन कारण न उद्भवल्यास उतरू लागतो. निरोगी प्रौढात तो दर लिटर रक्तद्रवात बहुधा तीन मिलिग्रॅमपेक्षा कमी असतो; जंतुसंसर्गात तो शंभराच्याही पुढे जातो. आकडा वाचताना त्याचे एकक अवश्य पाहावे. काही प्रयोगशाळा तो दर डेसिलिटरमागे देतात आणि तेथील १ म्हणजे दर लिटरमागील १० होत.

तिसरी खूण साध्या रक्तगणनेतच सापडते. न्यूट्रोफिल पेशींच्या संख्येस लिंफोसाइट पेशींच्या संख्येने भागले असता जे गुणोत्तर येते, ते निरोगी माणसात साधारणपणे एक ते तीन असते. पक्षाघातानंतर ते दोन्ही बाजूंनी वाढते. शोथामुळे न्यूट्रोफिल वाढतात. आणि मेंदूवरील आघाताने शरीरात ताणाची संप्रेरके उसळल्यामुळे लिंफोसाइट घटतात. ही दुसरी बाजू महत्त्वाची आहे. मेंदूत शोथ भडकलेला असताना उरलेल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती काही दिवस मंदावते. नेमक्या याच दिवसांत रुग्णाची गिळण्याची क्रिया बिघडलेली असते, अन्नपाणी श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो.

याखेरीज मज्जातंतूंच्या सांगाड्यातील, म्हणजे थेट मेंदूतून आलेल्या काही प्रथिनांचे अत्यल्प प्रमाणही आता रक्तात मोजता येते. पेशींची हानी किती झाली, हे सांगण्यास ती शोथाच्या खुणांपेक्षा अधिक जवळची आहेत. परंतु त्यांचे मापन अद्याप बहुतांशी संशोधनसंस्थांपुरते मर्यादित आहे.

आकडा आणि भवितव्य

वाढलेली सीआरपी आणि वाईट परिणाम यांचा संबंध आहे, याविषयी फारसा वाद नाही. ग्लासगो येथील वैद्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रक्तरोधजन्य पक्षाघाताच्या २२८ रुग्णांचा काही वर्षे मागोवा घेतला होता. झटक्यानंतर तीन दिवसांच्या आत ज्यांची सीआरपी दर लिटरमागे सुमारे दहा मिलिग्रॅमपेक्षा अधिक होती, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. पुढे अनेक देशांत याच दिशेचे निष्कर्ष निघाले.

यापुढील प्रश्न अधिक अवघड आहे. वैद्याला रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून जे कळते, त्यात या आकड्याने काही भर पडते काय? एडिंबरो येथील संशोधकांनी ८४४ रुग्णांमध्ये इंटरल्यूकिन-६, सीआरपी, फायब्रिनोजेन आणि पांढऱ्या पेशी मोजून २००९ साली याचे उत्तर दिले. या खुणा वाढलेल्या रुग्णांची अवस्था पुढे वाईट होती, हे खरे ठरले. परंतु रुग्णाचे वय, झटक्यापूर्वीची त्याची स्थिती, तो हात उचलू शकतो काय, बोलू शकतो काय, या साध्या गोष्टींवरून केलेले भाकीत रक्तातील खुणा जोडल्याने अधिक अचूक झाले नाही. याचे कारण उघड आहे. मोठा पक्षाघात झालेल्या रुग्णात शोथही मोठा असतो. आणि पक्षाघात मोठा आहे, हे तपासणाऱ्याला आधीच दिसलेले असते.

शिवाय हा आकडा एकट्या मेंदूचा नसतो. मधुमेह, स्थूलता, धूम्रपान, हिरड्यांचे रोग, क्षय, मूत्रमार्गाचा संसर्ग यांपैकी कशानेही तो वाढतो. दिल्लीच्या परिसरात यात हवेची भर पडते. अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान धूलिकणांची वार्षिक सरासरी दर घनमीटर हवेत पाच मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. भारताची स्वतःची मर्यादा चाळीस आहे आणि दिल्लीची वार्षिक सरासरी अलीकडील वर्षांत शंभराच्या आसपास राहिली आहे. हे कण फुप्फुसांत सौम्य पण सततचा शोथ निर्माण करतात आणि त्याचा पडसाद रक्तात उमटतो. त्यामुळे झटका येण्यापूर्वीच वाढलेल्या आकड्यावर नव्या इजेचा आकडा चढलेला असतो. परदेशातील रुग्णांवरून ठरविलेली सीमारेषा येथील रुग्णास जशीच्या तशी लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

खूण उतरविली म्हणजे रोग उतरतो काय?

शोथामुळे हानी होत असेल तर शोथ दाबून टाकावा, हा विचार स्वाभाविक होता. तो अनेकदा करून पाहण्यात आला. न्यूट्रोफिल पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटू नयेत म्हणून एनलिमोमॅब नावाचे प्रतिपिंड ६२५ रुग्णांवर आजमाविण्यात आले. २००१ साली प्रसिद्ध झालेले त्याचे फलित निराशाजनक होते. औषध मिळालेल्यांपैकी शंभरात सुमारे बावीस रुग्ण दगावले, तर औषध न मिळालेल्यांत सुमारे सोळा. सूज उतरविण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या स्टेरॉइड औषधांचाही रक्तरोधजन्य पक्षाघातात लाभ झाला नाही.

कॉल्चिसीन हे गाउटवरील जुने औषध शोथ कमी करते. चीनमध्ये ज्यांची सीआरपी दोन किंवा त्याहून अधिक होती, अशाच ८,३४३ रुग्णांना झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत ते सुरू करण्यात आले किंवा त्याऐवजी औषधविरहित गोळी देण्यात आली. तीन महिन्यांत पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ६.३ टक्के आणि इतरांत ६.५ टक्के निघाले, म्हणजे जवळजवळ सारखेच. हे फलित २०२४ साली जाहीर झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक रुग्णांवरील एका युरोपीय चाचणीत औषधाने सीआरपी खरोखरच उतरली. परंतु पुन्हा झटका येण्याचे प्रमाण निश्चितपणे कमी झाले, असे म्हणता आले नाही.

या अपयशांचा अर्थ शोथाच्या वेळापत्रकात शोधावा लागतो. एमएमपी-९ नावाचे एक विकर पहिल्या दिवशी रक्त आणि मेंदू यांमधील पडदा फाडते. त्या वेळी ते रोखल्यास प्रायोगिक प्राण्यांत हानी कमी होते. परंतु तेच विकर सातव्या दिवशी रोखले असता उंदरांमधील सुधारणा खुंटते, असे २००६ साली दिसून आले. कारण तोवर त्याचे काम बदललेले असते. नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून देण्यासाठी तेच विकर लागते. मायक्रोग्लिया पेशीही प्रथम आग वाढवितात आणि नंतर ढिगारा उपसतात. एकच पदार्थ मंगळवारी घातक आणि पुढच्या मंगळवारी उपकारक असू शकतो. रक्ताच्या कागदावर मात्र दोन्ही दिवशी एकच नाव छापलेले असते.

भरपाई आणि तिचे मापन

मेलेल्या मज्जापेशी पुन्हा उगवत नाहीत. तरीही रुग्ण सुधारतात. कारण शेजारच्या जिवंत पेशी नवे धागे जोडतात आणि मेंदूचे इतर भाग गमावलेले काम थोडेफार उचलून घेतात. ही सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते आणि पुढे मंदगतीने चालू राहते. ती मोजण्यासाठी रक्त लागत नाही. जेवणे, आंघोळ, कपडे घालणे, जिना चढणे अशा दहा कामांना गुण देऊन शून्य ते शंभरपर्यंतचा जो बार्थेल निर्देशांक काढतात, तो याच मापनासाठी होय.

भरपाईस साह्य करणाऱ्या प्रथिनांचाही रक्तात शोध घेतला जातो. दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या वीस रुग्णांवरील एका लहान अभ्यासात, रुग्णांच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेवाटे दिल्यावर अशी दोन प्रथिने मोजण्यात आली. त्यांपैकी एक मज्जापेशींचे पोषण करणारे आणि दुसरे नव्या रक्तवाहिन्या वाढविणारे. पेशी दिलेल्या गटात ती काहीशी अधिक आढळली. पण हा फरक योगायोगाने पडला नसेल, असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता आले नाही.

त्याआधीच, २०१४ साली, याच संस्थेचे कामेश्वर प्रसाद आणि सहकारी यांनी भारतातील पाच केंद्रांत मिळून केलेल्या मोठ्या चाचणीचे फलित प्रसिद्ध झाले होते. झटक्यानंतर काही आठवड्यांच्या आत असलेल्या १२० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर अस्थिमज्जेतील पेशी दिल्या, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी बार्थेल निर्देशांकाची सरासरी एका गटात ६३.१ आणि दुसऱ्यात ६३.६ आली. उपचार सुरक्षित होता, पण निरुपयोगी ठरला. हे निष्फळ फलित छापून संस्थेने मोठेच काम केले. मूलपेशींच्या नावाखाली लाखो रुपये घेऊन पक्षाघात बरा करण्याची जाहिरात देशात होत आली आहे आणि कित्येक कुटुंबे त्यासाठी जमीन किंवा दागिने विकण्यास तयार होतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताचे काही विकार वगळता असा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाही. आणि चाचणीतील रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेणे योग्य नव्हे.

कागदाचा खरा उपयोग

मग सीआरपीचा तो कागद व्यर्थ समजावा काय? तसे नाही. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याची चाल बोलकी असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढलेला आणि नंतर उतरणारा आकडा अपेक्षित असतो. उतरलेला आकडा पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा चढू लागला, तर वैद्य छाती तपासतात, लघवी तपासतात, शिरेत घातलेल्या सुईची जागा पाहतात. कारण तेथे जंतुसंसर्ग झालेला असण्याचा संभव असतो आणि त्यावर उपाय आहे.

तो संसर्ग होऊ न देणे याहून श्रेयस्कर. ऑस्ट्रेलियातील एकोणीस रुग्णालयांपैकी काहींत परिचारिकांना तीन गोष्टींचे काटेकोर पालन करण्यास शिकविण्यात आले : ताप उतरविणे, रक्तातील साखर आवाक्यात ठेवणे आणि गिळण्याची परीक्षा घेतल्याशिवाय तोंडाने काहीही न देणे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, तीन महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्या रुग्णांचे प्रमाण अशा रुग्णालयांत ४२ टक्के आणि इतर रुग्णालयांत ५८ टक्के आढळले. शोथावरील कोणत्याही औषधाला अद्याप एवढे यश लाभलेले नाही. यातील एक भाग कुटुंबाच्याही हाती आहे. रुग्ण शुद्धीवर येताच प्रेमाने त्याच्या तोंडात चहाचा घोट किंवा गंगाजल घालण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती गिळण्याची परीक्षा होईपर्यंत थांबविली पाहिजे.

वैद्यांपुढे कागद घेऊन उभ्या असलेल्या त्या मुलाला यावरून काय सांगता येईल? वडील चालतील की नाही, हे तो आकडा सांगत नाही. रुग्णाची बोटे हलू लागली आहेत काय, तो कुशीवर वळू शकतो काय, बसविल्यास तोल सावरतो काय, यांवरून ते अधिक खात्रीने कळते आणि दर आठवड्याला ते पुन्हा पाहावे लागते. आकडा एवढेच सांगतो की, शरीर इजेला उत्तर देत आहे. आणि तो पुन्हा चढल्यास, कोठेतरी नवीन बिघाड होत आहे, तो आजच शोधला पाहिजे.